पाणी दोनदा का चढतं? खाडीकाठच्या सातवीच्या वर्गाचं एक प्रकरण

घटक चाचणीतला प्रश्न दोन गुणांचा होता: 'दिवसातून दोन वेळा भरती का येते?' बहुतेक उत्तरपत्रिकांत एकच वाक्य होतं, चंद्राच्या गुरुत्वाकर्षणामुळे भरती येते. वाक्य बरोबर आहे, पण 'दोन वेळा' या शब्दांना कोणी हातच लावला नव्हता. लिहिणारी मुलं कोण, तर ज्यांच्या घरी होडी कधी सोडायची ते पाण्यावर ठरतं, ज्यांच्या आया सुकती (ओहोटी) बघून तिसऱ्या, म्हणजे शिंपले, काढायला खाडीत उतरतात. पाणी दिवसातून दोनदा चढतं, दुसऱ्या दिवशी थोडं उशिरा चढतं, अष्टमीला अंग काढून घेतं, हे त्यांना शाळेत यायच्या आधीपासून ठाऊक. उत्तरपत्रिकेत त्यातलं काहीच उतरलं नाही.

शाळा मालवण तालुक्यातली, कर्ली खाडीच्या काठावरची. नाव मुद्दाम देत नाही. मुलं लहान आहेत आणि गाव त्याहून लहान. मी तिथे मराठी शिकवतो. भूगोलाच्या बाईंची खुर्ची शिक्षक खोलीत माझ्या शेजारी, त्यामुळे हे सगळं पहिल्या दिवसापासून कानावर होतं. पुढे मुलांच्या नोंदी वाचायचं अर्धं काम माझ्याकडे आलं. फोटो, आवाज, चित्रफिती वापरून शिकवणं आणि मुलांना स्वतःच्या शिकण्याबद्दल लिहायला लावणं, या दोन गोष्टी हल्ली प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात. त्या एकत्र आल्या तर वर्गात काय घडतं ते इथे जवळून बघायला मिळालं, म्हणून हे लिहितोय.

दाखवून तर झालं होतं

चाचणीच्या आधी बाईंनी पाठ नुसता वाचून दाखवला होता असं नाही. पुस्तकातला क्यूआर कोड, दीक्षा हे सरकारी शैक्षणिक पोर्टल (ते 2017 पासून सुरू आहे), शिवाय इंटरनेटवरचं एक देखणं ॲनिमेशन, सगळं प्रोजेक्टरवर झालं होतं. त्या दिवशी लाईटही गेली नव्हती. निळी पृथ्वी, तिच्या दोन्ही बाजूंना फुगलेलं पाणी, भोवती फिरणारा चंद्र, मागे मंद संगीत. मुलांनी डोळे विस्फारून बघितलं आणि 'समजलं?' म्हटल्यावर एका सुरात 'हो' म्हणाली.

चाचणीनंतर बाईंनी तोच प्रश्न तोंडी विचारला, आणि पुढेही विचारत राहिल्या. चंद्राच्या बाजूचं पाणी ठीक, पलीकडच्या बाजूचं का फुगतं? कोणी म्हणालं, तिकडे पृथ्वी फिरताना पाणी मागे राहतं. कोणी म्हणालं, तिकडून सूर्य ओढत असेल. एका मुलीचं उत्तर मला फार आवडलं. ती म्हणाली, चित्र दोन्हीकडून सारखं दिसावं म्हणून तसं काढलंय. तिच्या लेखी तो फुगवटा म्हणजे चित्रकाराची हौस होती.

मुलांनी चित्र बघितलं होतं, पण बघताना त्यांना काही ठरवावं लागलं नव्हतं. रिचर्ड मेयर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी दृक्-श्राव्य साधनांतून शिकण्यावर अनेक वर्षं प्रयोग केले. त्यांचे निष्कर्ष थोडक्यात असे: शब्दांसोबत चित्र असेल तर नुसत्या शब्दांपेक्षा जास्त कळतं, पण चित्र आणि त्याचं स्पष्टीकरण एकाच वेळी, जवळजवळ यायला हवं, विषयाशी संबंध नसलेलं संगीत आणि सजावट मदत करण्याऐवजी आड येते, आणि बघणाऱ्याला आपल्या गतीने थांबत-थांबत पुढे जाता आलं पाहिजे. आमच्या ॲनिमेशनने यातल्या जवळपास प्रत्येक अटीला हरताळ फासला होता. प्रोजेक्टर आला म्हणजे शिकवणं सुधारलं, हा समज मला तरी पटत नाही. फळ्यावर खडूने हळूहळू काढलेली आकृती पुष्कळदा जास्त शिकवून जाते, कारण ती काढली जात असताना मुलं पुढची रेघ कुठे जाईल याचा अंदाज बांधत असतात.

खांब, फोन आणि कचऱ्याची रेघ

बाईंनी ठरवलं की तयार चित्र बाजूला ठेवायचं आणि मुलांनी स्वतःच्या खाडीचं चित्र तयार करायचं. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्रिपुरी पौर्णिमेला सुरुवात आणि पुढच्या अमावास्येला शेवट. पावसाळ्यात हे जमत नाही. जेटी निसरडी असते आणि नदीच्या पुराचं पाणी भरतीच्या पाण्यात मिसळून हिशोब बिघडवतं. पौर्णिमा ते अमावास्या एवढाच काळ घ्यायचं कारण सोपं: दोन उधाणं आणि मधला अष्टमीचा भांग (पाण्याचा चढउतार सगळ्यात कमी असतो तो काळ), सगळं त्यात येतं.

जेटीच्या एका खांबावर ओहोटीला, मोठ्या माणसांच्या देखत, ऑइलपेंटने दर 10 सेंटिमीटरला पट्टा ओढला. कठड्यावर एक फुली मारली आणि नियम केला की फोटो त्या फुलीवर उभं राहूनच काढायचा. पाण्यात कोणी उतरायचं नाही. गट पाडले, प्रत्येक गटाकडे कोणाच्या तरी आईचा किंवा काकाचा फोन. ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांनी वेळ आणि पट्टा वहीत टिपायचा. वहीतल्या या नोंदी नंतर फार उपयोगी पडल्या, कारण फोनवाल्यांना वेळ लिहून ठेवायची सवयच नव्हती. फोटोत सगळं असतं असं त्यांना वाटायचं.

शाळेच्या वेळेत पाण्याचा जेमतेम अर्धा फेरा दिसतो. दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं जातात, दुसऱ्या दिवशी तीच भरती सुमारे 50 मिनिटं उशिरा येते. म्हणजे पौर्णिमेला दुपारच्या आधी भरलेली दिसणारी खाडी आठवड्याने त्याच वेळेला रिकामी दिसते. सकाळ-संध्याकाळची निरीक्षणं काठावर राहणाऱ्या मुलांनी घ्यायची असं ठरलं.

एका गटाने वाडीतल्या एका जुन्या मच्छीमाराचा आवाज फोनवर टिपून आणला. त्यांनी सांगितलेला हिशोब किनाऱ्यावर सगळीकडे चालतो: तिथीच्या पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. मुलांनी ते ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकलं, वहीत उतरवलं आणि खांबाशी ताडून बघितलं. हिशोब काही दिवशी नेमका बसला, काही दिवशी पुढे-मागे झाला. खाडीचं तोंड, तिची खोली, वारा, नदीचं पाणी, हे त्या पाऊणपटीत कुठे येतं? पण रोज साधारण पाऊण तासाचा उशीर हा त्यामागचा गाभा मुलांनी स्वतः शोधला. चंद्र रोज आकाशात 12-13 अंश पुढे सरकतो, आणि त्याला पुन्हा समोर आणायला पृथ्वीला तेवढं जास्त फिरावं लागतं, हे मग बाईंनी सांगितलं तेव्हा ते कोरड्या जमिनीवर पडलं नाही.

फोटो शाळेच्या संगणक कक्षात क्रमाने लावायचे होते. इथे एक घोळ झाला, आणि तो सगळीकडे होत असणार. फोटो जोडून चित्रफीत करायची म्हटल्यावर दोन गट गाणं शोधायला बसले. कोणतं गाणं, कुठून कापायचं, अक्षरं कशी उडत यायला हवीत, यात तासच्या तास गेले. पाणी कुठल्या पट्ट्यावर होतं हे विचारलं तर गटात कोणालाच माहीत नाही. बाईंनी सरळ फतवा काढला: गाणं नाही, उडती अक्षरं नाहीत, फक्त फोटो आणि त्यावर तुमचा स्वतःचा आवाज. मुलं दोन दिवस फुगून बसली. पण आवाज स्वतःचा द्यायचा म्हटल्यावर पाणी कुठे होतं, आधी कुठे होतं, हे बोलावंच लागलं.

आणि मग ती कचऱ्याची रेघ. खाडीकाठी राहणाऱ्या एका मुलीच्या परड्यात दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. तिला सकाळी उठून पायऱ्यांचा फोटो काढायला सांगितलं होतं. त्या फोटोंत पायऱ्यांवर काटक्या, शेवाळ, थर्माकोलचे तुकडे, एखादी चप्पल, अशी ओळ दिसायची. भरतीने वर आणून टाकलेला कचरा. तिने ते रोज काढले आणि रोज पाठवले. तिच्या दृष्टीने त्यात बघण्यासारखं काही नव्हतं, उलट अंगण झाडलेलं नाही म्हणून ती ओशाळायची. त्या फोटोंत दोन रेघा आहेत, एक वरच्या पायरीवर आणि एक दोन पायऱ्या खाली, हे तिच्या लक्षात आलं ते लिहायला बसली तेव्हा.

'खूप मजा आली'च्या पुढे

आता लिहिण्याबद्दल. या प्रकरणात खरं काम इथे झालं असं माझं मत आहे, आणि मी भाषेचा शिक्षक आहे म्हणून ते पक्षपाती असेल तर असो.

बाईंची कल्पना अशी: प्रत्येक गटाची संगणकावर एक अनुदिनी, म्हणजे ब्लॉगसारखी नोंदवही. त्यात दर दोन-तीन दिवसांनी एक नोंद. नोंदीत एक फोटो, हवं तर आवाजाची फाईल, आणि काही ओळी लिखाण. खाली दुसऱ्या गटांनी आणि आम्ही प्रश्न विचारायचे. ती शाळेच्या संगणकाबाहेर न्यायची नाही हे पहिल्याच पालकसभेत ठरलं. 2023 च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती लागते, आणि आमच्या काही पालकांना तर मुलींचे चेहरे फोटोत नकोच होते. त्यामुळे सगळ्या नोंदींत खांब, पाणी, पायऱ्या आणि क्वचित एखादा हात. चेहरे नसल्याने मुलं फोटोत छान दिसण्याच्या भानगडीतून सुटली, हा एक फायदाच झाला.

बी.एड.ला असताना बाईंनी ग्रॅहम गिब्ज यांचं 1988 चं चिंतनचक्र शिकलेलं: काय घडलं, काय वाटलं, बरं-वाईट काय, का तसं झालं, निष्कर्ष काय, पुढे काय करणार. सहा पायऱ्या. सातवीच्या मुलांपुढे त्या ठेवल्या तर ती सहा ओळी लिहून मोकळी होतील हे दिसतच होतं. त्यामुळे पहिल्या नोंदींना मोकळा विषय दिला: आज काय शिकलात? आलेल्या नोंदी अशा: 'आज आम्ही जेटीवर गेलो. खूप मजा आली. बाईंनी छान माहिती दिली. मला भूगोल विषय आवडतो.' एक नव्हे, सगळ्याच. मुलांचं काही चुकत नव्हतं. शाळेत लिहायचं म्हणजे कोणाला तरी खूश करायला लिहायचं, हे ती पहिलीपासून शिकलेली. सहलीचा निबंध आम्हीच लिहून घेतो ना.

बाईंनी प्रश्न बदलले. तीनच ठेवले. आधी तुला काय वाटत होतं? आज त्यात न बसणारं काय दिसलं? आता तुला काय विचारायचंय? पहिल्या प्रश्नाचं उत्तर फोटो काढायच्या आधी लिहून ठेवायचं, म्हणजे नंतर 'मला माहीतच होतं' म्हणता येत नाही. जॉन ड्यूई यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्हटलं होतं की विचार सुरू होतो तो अडचणीतून, गोंधळातून. मुलांना तो गोंधळ लिहून ठेवायला जागा हवी होती.

आणखी एक ठरलं: चुका सुधारायच्या नाहीत. खाली फक्त एक प्रश्न लिहायचा. हे मला जड गेलं. ऱ्हस्व-दीर्घ बघितलं की लाल पेन आपोआप उघडतं. त्यात मुलं मालवणीत लिहू लागली. कोणी सांगितलं नव्हतं. घरचं पाणी, आज्याचा हिशोब, हे लिहिताना हात आपोआप तिकडे वळला. एकाने फोनवर बोलून टाईप करायचा प्रयत्न केला. फोनला मालवणी कळेना, पडद्यावर भलतंच मराठी उमटलं आणि संगणक कक्षात तास संपेपर्यंत हसणं चाललं. शेवटी त्याने हाताने टाईप केलं, सावकाश, एकेक अक्षर शोधत:

'माका वाटायचा चंद्र वर इलो की पाणी चडता. आज सकाळी पाणी चडला तेवा चंद्र खयच नाय होतो.'

या दोन ओळींसाठी मी माझं लाल पेन खुशाल महिनाभर बंद ठेवीन. तो दिवस पौर्णिमेचा होता. सकाळी अकराच्या आसपास खाडी काठोकाठ, आणि आकाशात चंद्राचा पत्ता नाही. बाईंनी खाली एवढंच लिहिलं: मग त्या वेळी चंद्र होता कुठे?

शाळेच्या संगणकावर स्टेलॅरियम हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. त्यात जागा मालवण, तारीख ती, वेळ ती घातली की आकाश दिसतं, आणि जमिनीचा पडदा काढून टाकला तर जमिनीखालचं आकाशही दिसतं. मुलाने पडदा काढला. चंद्र पायाखाली, जवळजवळ बरोबर विरुद्ध बाजूला. मग त्याने त्या रात्रीच्या भरतीची वेळ घातली, चंद्र डोक्यावर. पुढची नोंद: पाणी चंद्र वर असताना चढतं आणि चंद्र खाली असतानाही चढतं. वर असताना ओढतं हे कळलं. खाली असताना वर का येतं? ॲनिमेशनमधला पलीकडचा फुगवटा त्याला आता पहिल्यांदा हवा होता.

त्याच्या नोंदीखाली दुसऱ्या गटातल्या मुलीने लिहिलं की सकाळी अकराला सूर्य वर असतो, त्यानेच ओढलं असेल. मुद्दा चुकीचा असला तरी तर्क बिनतोड होता, आणि सूर्य पाणी ओढतो हेही खरं आहे. त्याचा परिणाम चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी. बाईंनी खोडलं नाही. विचारलं: अष्टमीला दुपारी बाराला खांब बघशील? अष्टमीला भर दुपारी सूर्य डोक्यावर आणि खाडी रिकामी, चिखलात होड्या कलंडलेल्या. तिने फोटो लावला आणि खाली लिहिलं की सूर्य एकटा ओढत असता तर आज पाणी भरलेलं असायला हवं होतं. एवढं स्वच्छ खंडन मी शिक्षकांच्या सभेतही क्वचित ऐकलंय.

आणि पायऱ्यावाली मुलगी. तिची 'आज त्यात न बसणारं काय दिसलं' या प्रश्नावरची नोंद एका ओळीची होती: रात्रीचा कचरा वरच्या पायरीवर असतो, दिवसाचा खाली. का? आमच्या किनाऱ्यावर रोजच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. हिवाळ्याच्या त्या दिवसांत रात्रीचं पाणी वर जातं. चंद्र नेहमी विषुववृत्तावर नसतो, कधी उत्तरेला असतो तर कधी दक्षिणेला, त्यामुळे फुगवटे तिरपे होतात आणि एकाच जागेला दिवसातून दोनदा वेगवेगळी उंची मिळते. शाळेच्या आकृतीत दोन्ही फुगवटे एकसारखे. म्हणजे जी मुलगी म्हणाली होती की चित्र सारखं दिसावं म्हणून तसं काढलंय, तिचं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं! बाईंनाही हे आधी माहीत नव्हतं. त्यांनी शोधून काढलं आणि मुलीला सांगितलं की तुझ्या कचऱ्यामुळे मी शिकले. त्यानंतर तिचे फोटो ओशाळे राहिले नाहीत. उजेड चांगला पडावा म्हणून ती सकाळी थांबून फोटो काढू लागली.

तिघांची चाल

पलीकडचा फुगवटा अजून बाकी होता. पुस्तकांत सहसा केंद्रोत्सारी प्रेरणेचा (गोल फिरताना बाहेर ढकलल्यासारखं वाटतं तिचा) आधार घेतात. सातवीला ते पचत नाही, निदान आमच्याकडे पचलं नाही. बाईंनी तीन मुलांना मैदानात एका रांगेत उभं केलं. समोर दूर चंद्र, म्हणजे एक मुलगी पांढरी ओढणी घेऊन. चंद्र जवळच्याला जास्त ओढतो, मधल्याला कमी, मागच्याला सगळ्यात कमी. म्हणून टाळी वाजली की पुढच्याने तीन पावलं टाकायची, मधल्याने दोन, मागच्याने एक. मधला म्हणजे पृथ्वी, पुढचा आणि मागचा म्हणजे दोन्ही बाजूंचं पाणी.

वरच्या मजल्याच्या गॅलरीतून एकाने हे फोनवर टिपलं. मैदानात उभ्या मुलांना फक्त एवढं कळलं की सगळे पुढे गेले. वरून घेतलेली फीत वर्गात लावली, थांबवत-थांबवत, आणि बाईंनी सांगितलं की फक्त मधल्याकडे बघा. त्याच्यापासून पुढचा लांब गेला आणि मागचाही लांब राहिला. दोन्ही बाजूंनी अंतर वाढलं. वर्गात कोणीतरी 'अरे!' म्हणालं. चित्रफितीने जे केलं ते मैदानात उभं राहून जमलं नसतं, आणि मैदानात न चालता नुसती फीत बघून तर त्याहून नसतं. त्या दिवशीच्या नोंदींत पावलांची आकृती आपल्या हाताने काढून तिचा फोटो लावायचा होता. ज्यांना कळलं नव्हतं त्यांचं आकृतीतच उघडं पडलं: त्यांनी मागच्या मुलाला उलट दिशेने चालवलं होतं. बाईंना दुसऱ्या दिवशी कोणापाशी बसायचं ते त्यावरून ठरवता आलं.

गुणांचा मामला

मध्येच एक सूचना आली की एवढं काम होतंय तर नोंदींना गुण द्या, मुलं मन लावून लिहितील. ऐकायला रास्त. दोन नोंदींना गुण दिले आणि अनुदिन्यांचा नूरच पालटला. मालवणी गायब. 'आधी मला चुकीचं वाटत होतं, परंतु आता मला योग्य ज्ञान प्राप्त झाले आहे,' अशा वाक्यांची पैदास झाली. एका मुलाची चांगली नोंद तीन गटांत थोड्याफार फरकाने उतरली. गोंधळ लिहिला तर गुण जातात, हे मुलांनी लगेच ओळखलं. ज्या गोंधळासाठी हे सगळं चाललं होतं तोच लपला.

2010 पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे, आणि आकारिक, म्हणजे शिकता-शिकता होणाऱ्या, मूल्यमापनाच्या साधनांत प्रकल्प, उपक्रम, दैनंदिन निरीक्षण यांना जागा आहे. बाईंनी खांबाचा तक्ता आणि आवाजासह फोटोमाला यांना प्रकल्प म्हणून गुण दिले, नोंदी मात्र मोकळ्या सोडल्या. आठवडाभराने मालवणी परत आली.

मालवणीचं म्हणाल तर परीक्षेत प्रमाण मराठीतच लिहावं लागणार, यात वाद नाही. मी माझ्या तासाला काही नोंदी घेऊन त्या प्रमाण भाषेत लिहून घेतल्या. नवल असं की ते करताना मुलांच्या विचारातल्या फटी दिसू लागल्या. घरच्या भाषेत 'पाणी वडता' म्हणून भागतं. परीक्षेत लिहायचं तर कोण ओढतं, कोणाला, कोणापेक्षा जास्त, हे भरावं लागतं.

काय हाती लागलं, काय नाही

सत्र परीक्षेत त्याच धर्तीचा प्रश्न आला. बऱ्याच मुलांनी दोन्ही बाजूंबद्दल लिहिलं, आकृती काढली, काहींनी तर अकरा वाजताच्या चंद्राचा दाखला दिला. काहींनी पुन्हा तेच जुनं एक वाक्य लिहिलं. त्यांतली काही मुलं मासळीच्या दिवसांत शाळेत कमी येतात. काही आली होती, पण गटात दुसऱ्याच्या मागे बसून राहिली होती. गटाची अनुदिनी असली की एकजण लिहितो आणि बाकीचे मान हलवतात, याला उपाय म्हणून यंदा पहिला प्रश्न प्रत्येकाने स्वतंत्र लिहायचा असं केलंय. पलीकडच्या फुगवट्याचं 'का' पक्कं झालेली मुलं अजूनही कमीच आहेत. ते मोठ्यांनाही सहजी पटत नाही. न्यूटनने 1687 मध्ये त्याचं गणित मांडलं त्याच्या आधी भल्याभल्यांची त्यात फसगत झाली होती.

वेळेची किंमत मोठी होती. दोन-तीन तासांत उरकणारा पाठ आठवडे चालला आणि वाऱ्यांचा पाठ घाईत आटोपावा लागला. नोंदी वाचून प्रत्येकीखाली एक नेमका प्रश्न लिहिणं हे वह्या तपासण्याहून जड काम आहे. सही ठोकून सुटका नाही. आम्ही दोघांनी गट वाटून घेतले, रोज एकच गट वाचायचा असं केलं, म्हणून निभलं. एकट्या शिक्षकाने हे करायचं असेल तर वर्षात एकच पाठ निवडावा, आणि तो असा निवडावा की ज्याचा पुरावा मुलांच्या अंगणात आहे. चित्रफीत जोडण्याचा भाग आम्ही काढून टाकलाय. फोटो, एखादं ध्वनिमुद्रण आणि लिखाण एवढ्यावर भागतं.

एका गोष्टीकडे मात्र पहिल्या वर्षी कोणाचंच लक्ष नव्हतं. वर्गात सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावरून, चालत येणारी मुलं आहेत. त्यांच्या घरी खाडी नाही, तिथीची पाऊणपट नाही, पायऱ्यांवर कचरा नाही. सगळ्या चर्चेत ती काठावरच्या मुलांच्या तोंडाकडे बघत बसायची. यंदा त्यांना त्यांचं पाणी दिलंय: पावसाळा संपल्यापासून घरच्या विहिरीत पाणी कुठवर आहे त्याचा फोटो, विहिरीच्या आतल्या चिऱ्यांचे थर मोजून. परवा त्यांची एक नोंद आली. संध्याकाळी पंप लावला की पाणी दोन चिरे उतरतं आणि सकाळी पुन्हा दीड चिरा चढलेलं असतं, मग ही विहिरीची भरती म्हणायची का? खाली बाईंचा प्रश्न आहे: एक दिवस पंप लावला नाही तर सकाळी काय दिसेल असं तुला वाटतं? आधी लिही, मग बघ.